मैनाबाईचा पहारा

हिवरखेडच्या त्या आळीत मैनाबाई भांडकुदळ म्हणून ओळखली जायची, आणि ते नाव बाईने मेहनतीने कमावलं होतं. वरातीच्या डीजेपुढे ती आडवी उभी राहिली, पोरांचे सुतळी बॉम्ब तिने बादलीत बुडवले. घरात मोबाइल मुके, कुकरला शिट्टी नाही, बोलणं कुजबुजत. कारण एकच, तिची लेक प्राजक्ता. एकदम मोठा आवाज झाला की पोरगी धाडकन पडायची.

थोरला अंकुरही असाच पडायचा. एका दुपारी तो घरातच दगावला.

कुणी बेशुद्ध पडलं की त्याच्या कानाशी ताट बडवायचं आणि नावाने हाका मारायच्या, ही आळीची रीत. दोन्ही भावंडांच्या कानाशी वर्षानुवर्षं ताटं वाजली. फेफरं समजून गोळ्याही झाल्या. अंकुर गेल्यावर अकोल्याच्या डॉक्टरांनी प्राजक्ताचा कार्डिओग्राम पाहिला आणि कपाळाला हात लावला. दोष हृदयाच्या ठोक्यांचा, तोही बापाकडून आलेला. दचकलं की ठोके बिघडणार, म्हणजे ताट वाजवणं हे आगीत तेल ओतणंच. प्राजक्ताचे वडील खुशालराव तेव्हापासून बायकोच्या नजरेला नजर देईनात, जणू तो दोष त्यांनी मुद्दाम दिला होता.

प्राजक्ताला दमा, त्यामुळे ठोके आवरणारी गोळी सोसेना. मग नागपूरच्या सर्जनने डाव्या काखेखाली छोटी भोकं पाडून, हृदयापर्यंत दचक पोचवणारी मज्जातंतूंची साखळी कापली. धोका पुष्कळ कमी झाला, पण संपला नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. मैनाबाईने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

घरी आल्यावर पोरगी न्हाणीत गेली की ही दाराशी, पोरगी अंगणात की ही ओट्यावर. जागरणाने जेवताजेवता बाईची मान लवायची. एक दिवस शेजारच्या माणिकबाईच्या हातून पाण्याने भरलेली पितळेची गुंडी फरशीवर आदळली. प्राजक्ता दचकली, पण उभीच राहिली. धावत आलेली मैनाबाई मात्र उंबऱ्याला ठेचाळून पडली.

प्राजक्ताने तिला उठवलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणी ओरडलं.

"आई, काहून माह्या मांगं मांगं फिरून राहिली? बस ना आता थोडी."

"बसली का डोळा लागते, बाई," मैनाबाई म्हणाली. "अंकुर गेला तवा मी बाजूलेच झोपली होती."

हे तिने आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. प्राजक्ताने सतरंजी अंथरली आणि आईला आडवं केलं.

"झोप. मी जागी आहो."

लेकीचं मनगट घट्ट धरूनच मैनाबाई झोपली.