सफरचंद, दालचिनी आणि आत्यांचा कुकर

गेल्या शनिवारी दुपारी परंड्यात, आमच्या घरी, मी कुकरमध्ये सफरचंदं भाजली... आणि त्यावरून आत्यांचा सणसणीत ओरडा खाल्ला. दोन-तीन दिवस झाले, पण ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाहीये.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. दिवाळीनंतर मागच्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला. सोलापूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं.

पण घरी आल्यापासून आत्या जणू घरात नव्हत्याच... दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या, धरून चार पावलं चालवायच्या. त्या गेल्या की वॉकर पलंगाशेजारी तसाच उभा.

"हाड जुळलंय, आता त्यांनी मनावर घ्यायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले होते. मी रोज विनवायची, "आत्या, दारापर्यंत तरी चला ना." उत्तर एकच... "ऱ्हाऊ दे गं."

त्या अशाच पडून राहिल्या तर पुन्हा उठणारच नाहीत, ही भीती मी आणि माझा नवरा, दोघंही एकमेकांसमोर बोलून दाखवत नव्हतो.

आणि घरात सफरचंदं साठत होती. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सफरचंदंच आणतं... आत्यांना ती चावत नाहीत, आम्हा दोघांच्यानं संपत नाहीत. शनिवारी सकाळच्या शाळेत शिकवून घरी आले तर फ्रिजमधली पाच-सहा सुरकुतायला लागलेली.

कधीतरी मोबाईलवर पाहिलं होतं, सफरचंदात दालचिनी भरून भाजायची, अर्ध्या तासात तयार. ओव्हन आमच्याकडं नाही. म्हणून केकसारखं कुकरमध्येच करायचं ठरवलं. तळाला मीठ पसरलं, वर जाळी ठेवली, शिट्टी आणि रिंग काढून कुकर तापत ठेवला.

सफरचंदांचे देठाकडचे भाग टोपीसारखे कापून ठेवले, चमच्यानं मधल्या बिया कोरून काढल्या. आत गूळ, तूप, थोडे बदामाचे काप आणि खलबत्त्यात कुटलेली दालचिनी. टोप्या परत बसवल्या. ताटलीत चार सफरचंदं शेजारी-शेजारी... छोट्या छोट्या मडक्यांसारखी दिसत होती.

ताटली कुकरमधल्या जाळीवर ठेवली, झाकण ठेवून गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून खालीच बसले. नवरा कुर्डुवाडीला कामावर. बाहेर थंडीतलं मऊ ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही... पहाटेपासूनची उठलेली मी. हळूहळू वास यायला लागला. आधी तूप, मग गूळ, मग दालचिनी... आणि माझा डोळा कधी लागला, कळलंच नाही.

झोपेत मला आवाज येत होता... टक्... जरा थांबून, पाय ओढल्यासारखा... पुन्हा टक्. वाटलं, लांब कुणीतरी खुंटी ठोकतंय. आवाज जवळ येत गेला, वास दाट होत गेला, आणि मला उठावंसंच वाटेना.

"काय जाळायलीस गं?"

डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभ्या होत्या. वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, केस विस्कटलेले, कपाळावर घाम... मागं कुणी नाही. एकट्या आल्या होत्या.

मी ताडकन उठले, पण पुढं जायचं धाडस होईना. हात लावला आणि तोल गेला तर?

"जाळत नाही आत्या, सफरचंदं भाजतेय."

"कुकरमंदी? झाकण काढ बघू."

काढलं. आत्यांनी वॉकर ओट्यापर्यंत सरकवत आत डोकावून पाहिलं आणि खालचं मीठ त्यांना दिसलं...

"अगं, मीठ घातलंस व्हय? बूड जाईल की त्याचं! गल्लीत सगळ्यात आधी आमच्याकडं आला हा कुकर, एवढी वर्सं जपला म्या... कुणी शिकीवलं तुला हे?"

मी त्यांच्याकडं नुसती बघत राहिले. कित्येक आठवड्यांत आत्या सलग एवढं बोलल्या नव्हत्या.

"बघतीस काय, खुर्ची दे. पाय कापायलेत माझे."

खुर्ची दिली. हळूच बसल्या, वॉकर बाजूला सरकवला. मी वाटीत एक सफरचंद दिलं. चमचा लावला तर लोण्यासारखं तुटलं, गुळाचा पाक वाटीभर पसरला. आत्यांनी फुंकर मारत एक घास घेतला... मग दुसरा.

"दालचिनी मसाल्यात घालायची का फळात?" म्हणाल्या. पण वाटी काही खाली ठेवली नाही. "बरं लागायलंय... चावावं लागंना."

मग दिवस कलेपर्यंत तिथंच बसल्या. माझा मिसळणाचा डबा कसा अस्ताव्यस्त आहे, तूप मी कसं करपवते, सगळं सांगून झालं. मी "व्हय आत्या, व्हय आत्या" करत ऐकत होते... आणि पाठ फिरवून डोळे पुसत होते.

त्या परत पलंगावर आडव्या झाल्यावर नवऱ्याला फोन केला. म्हटलं, "अहो, आत्या आज स्वयंपाकघरापर्यंत एकट्या चालत आल्या... आणि मला ओरडल्या."

पलीकडून एवढंच, "खरंच ओरडली?"

खरंच ओरडल्या हो. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांच्या ओरडण्याबद्दल देवाचे आभार मानायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं... मनापासून मानते.