सर्वानुमते मंजूर

हमिदा सिस्टरना एका जागी बसता येत नाही. सलाईन लावलं तरी दोनदा वळून बघणार, डबा उभ्यानेच संपवणार. राहुरी रस्त्यावरच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं त्या अशाच फिरताहेत. गेल्या वर्षी कर्मचाऱ्यांनी त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून नियामक मंडळावर पाठवलं. पहिला हात वर केला तो वॉर्डातल्या कडूबाई मावशींनी.

मी वाल्मिक, ऑफिसातला क्लार्क. मंडळाच्या सभांचं इतिवृत्त मी लिहितो. लिहितो कसलं, निम्मं आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. विषय ठरलेले, सूचक-अनुमोदक ठरलेले आणि प्रत्येक ठरावाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. अठरा वर्षांत या दोन शब्दांना कुणी धक्का लावला नव्हता. सह्यासुद्धा मी सभेआधी दारातच घेतो, म्हणजे नंतर मेंबरांच्या मागे पळायला नको.

जूनच्या सभेत विषय निघाला: वरचा आणि खालचा वॉर्ड मिळून एकच मावशी ठेवायची. हमिदा सिस्टर उभ्या राहिल्या.

"मला हे मान्य नाही. वर पेशंट पडला आणि मावशी खाली असली, तर?"

"सिस्टर, बसा, चहा घ्या," अध्यक्ष रामहरी आबा हसून म्हणाले. सात हात वर झाले. सिस्टरांचा झाला नाही. मी वहीत काही खोडलं नाही. सुचलंच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो, पण ते खोटं आहे. सुचलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

आठवड्याने मावश्या जाब विचारायला आल्या, तेव्हा मॅनेजरांनी ठरावाची झेरॉक्सच पुढे केली. "सर्वानुमते आहे. ही बघा तुमच्याच सिस्टरची सही."

त्या दिवसापासून कडूबाईंनी हमिदा सिस्टरांशी बोलणं टाकलं. काम सांगितलं की करायच्या, पण भिंतीकडे बघून. दुपारची भाकरी दोघी एकत्र खायच्या, तेही बंद झालं. सिस्टर सांगून सांगून थकल्या. कागदापुढे त्यांचं कोण ऐकणार?

मग त्या माझ्या टेबलापाशी यायला लागल्या. "वाल्मिकभाऊ, मी नाही म्हटलं होतं ना? का मलाच तसं वाटतंय?" मी फायली चाळत राहायचो. त्यांचे मिस्टर नबीलाल बाजारात भेटले, तर म्हणाले, "घरात नुसत्या येरझाऱ्या घालती. भाकरी थापता थापता मधीच थांबून म्हनती, मी म्हटलं हुतं." मी कोथिंबीर घेऊन सटकलो.

सप्टेंबरच्या सभेला सिस्टरांनी दारात सही केली नाही. "आधी वाचा, मग करते," म्हणाल्या.

पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कधी कुणी वाचत नाही. "वाचलं असं समजू," आबा म्हणाले.

"समजायचं नाही, आबा. वाचायचं."

मी वाचलं. 'सर्वानुमते'पर्यंत आलो. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "वाल्मिकभाऊ, मी काय म्हटलं होतं?"

आबाही माझ्याकडे बघत होते. खरं सांगतो, नोकरी डोळ्यांसमोर आली.

"मान्य नाही, असं म्हटलं होतं."

आबांनी वही स्वतःकडे वळवून ते पान पाहिलं. मग म्हणाले, "करा दुरुस्त." मी 'सर्वानुमते' खोडून 'सात विरुद्ध एक, बहुमताने' असं लिहिलं. ठराव मात्र तसाच राहिला.

सभा संपताच सिस्टर त्या पानाची झेरॉक्स घेऊन वरच्या वॉर्डात गेल्या. मीही मागोमाग गेलो. कडूबाई नुकत्याच जिना चढून आल्या होत्या, बादली टेकवून दम खात होत्या. सिस्टरांनी कागदावर बोट ठेवलं. "मावशी, हे बघा. सात विरुद्ध एक. हा एक म्हणजे मी."

कडूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी सिस्टरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"एवढ्या मानसांत तू एकलीच व्हय?"

"एकटीच."

"आन् आमी तीन म्हयनं तुलाच बोल लावला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पदराने पुसून त्यांनी विचारलं, "तू न्हाई म्हनली, ह्ये दुसऱ्या कुनाला ठावं न्हवतं?"

सिस्टर कागदाची घडी घालायला लागल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

"मला होतं," मी म्हणालो.

कडूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बादली उचलली आणि खाली गेल्या. दोघी आता पुन्हा एकत्र भाकरी खातात. माझ्याशी कडूबाई बोलत नाहीत.