सातव्या घरातल्या दोन सासवा

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी साधले नाही. नागपूरला मामांकडे मराठी चौथीपर्यंत शिकले, पुढे पाटीला हात लागला नाही. कुणी हे वाचलेच तर सांभाळून घ्यावे. इथे उत्तरेत, गंगेकाठी, आमच्या दूधविनायकाच्या गल्लीतल्या नानाशास्त्र्यांना ओळखणारे आता फार उरले नाहीत, आणि उरलेत ते त्यांना ‘महिना चुकलेले जोशी’ म्हणतात. म्हणून लिहायला बसले.

नाना पत्रिका हातात घेण्याआधी समोरच्याला विचारत, “जेवून आलात का?” नाही म्हटले की आतून गूळपाणी मागवत. “रिकाम्या पोटी भविष्य ऐकू नये. चांगलं असलं तर डोक्यात चढतं, वाईट असलं तर काळजाला लागतं.” माणूस हाडकुळा, डोळे नेहमी अर्धे मिटलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काळज्या ऐकून दमल्यासारखे दिसत. त्यांच्या घरच्या काकू म्हणायच्या, “साडेसाती लोकांची, पाठ दुखते ह्यांची.”

ग्रहांबद्दल ते घरातल्या माणसांबद्दल बोलावे तसे बोलत. गुरू म्हणजे घरातला म्हातारा, नुसता खोकला तरी पोरे गप्प होतात. चंद्र म्हणजे माहेरवाशीण, कधी हसेल, कधी रडेल, नेम नाही. शनी आणि मंगळ एका घरात आले की मात्र ते कपाळावर हात ठेवत. “एका चुलीपाशी दोन सासवा. एक बोलून जाळते, दुसरी न बोलता.”

हीच युती माझ्या धाकट्या बहिणीच्या, कमळीच्या पत्रिकेत होती, आणि तीही सातव्या घरात, म्हणजे नवऱ्याच्या. पत्रिका मांडली होती नानांनीच. आमचे तात्या रामघाटावर दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मे करत. मी लवकर कपाळ पुसून माहेरी परतलेली. त्यामुळे कमळीचे तरी नीट व्हावे, एवढाच ध्यास आईने घेतला होता. तीन घरी पत्रिका गेली, तीनही घरून परत आली. तेव्हा नानांनी ग्रहशांत करायला सांगितले. मोठी शांत, ब्राह्मण बरेच, दाने बरीच. तात्यांनी चौकातल्या महाजनाकडून व्याजाने राणीछाप रुपये उचलले. शांत झाली, ब्राह्मण जेवून गेले, आणि पुढे काहीच झाले नाही. कमळीला सोळावे लागले. ती मला म्हणायची, “ताई, नानांनी मला जन्मतःच दोन सासवा दिल्यात. आता तिसरी कशाला शोधता?” हसायची, पण तोंड फिरवून.

त्या वर्षी नागपंचमीला नाना आमच्याकडे जेवायला होते. बाहेर पोरे नागाची चित्रे विकत ओरडत होती. आई दिंडे वाढता वाढता करवादली, “ह्या पोरीचं सगळंच असं. बारसंसुद्धा मेलं नागपंचमीला आलं. तवा चढवायचा नाही, विळी धरायची नाही. उकडलेल्या दिंडांवर बारसं उरकलं मी!”

नानांचा हात पानातच थांबला. “वहिनी, बारसं बाराव्या दिवशीच केलंत ना?”

“मग काय तेराव्याला करू? काय बोलता, नाना!”

नाना बोटांच्या पेरांवर मागे मोजत गेले. मग जेवणानंतरची आपोष्णीसुद्धा न घेता उठले. मी दाराआडून पाहत होते. एवढे उतरलेले तोंड मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते काखेत पंचांग घेऊन. आम्हा दक्षिणी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे आमचा आषाढ वद्य पक्ष इथल्या पंचांगात श्रावणाच्या नावाखाली असतो. कमळी आमच्या आषाढ वद्य नवमीची. त्या साली पुण्याचे पंचांग टपालाने आले नव्हते, म्हणून नानांनी शेजारच्या पंडितजींचे आणले आणि आषाढाचे पान उघडले. इथली आषाढ वद्य नवमी म्हणजे आमची ज्येष्ठातली, म्हणून पत्रिका महिनाभर आधीची मांडली गेली.

“हाताला सवय आपल्या महिन्याची, पुढ्यात पंचांग त्यांचं,” नाना म्हणाले. “युती आहे, तात्या. पण लग्न, म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर, एका घराने पुढे सरकतं. त्या दोघी सातव्यात नाहीतच, सहाव्यात आहेत. सहावं घर शत्रूचं. कडक माणसं तिथे बरी. चुलीपाशी नाहीत हो त्या, देवडीवर राखणीला बसल्यात.”

तात्यांनी पंचांग पुढे ओढून पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे शांत नको होती?”

“नको होती.”

“असू द्या, नाना. आता नवी पत्रिका करून द्या गुपचूप. किसी को पता नहीं चलेगा.”

“जुनी तीन घरांत वाचली गेली आहे. ती त्यांच्या डोक्यातून कोण काढणार?”

आणि नाना स्वतः तिन्ही घरी गेले. तात्या बरोबर होते, त्यांनी येऊन सांगितले. पहिल्या घरी दारातूनच वाटेला लावले. रामघाटावरच्या दुसऱ्या घरी वेदशाळेचे गुरुजी म्हणाले, “काय शास्त्रीबुवा, काल सासवा आत, आज बाहेर? उद्या गंगेत पोहायला जातील! ह्या तात्यांनी किती मोजले?” तात्यांचा संताप झाला. नाना एवढेच म्हणाले, “ग्रह हलले नाहीत, गुरुजी. मीच चुकीच्या दारात शिरलो होतो.”

तिसऱ्या घरी मुलाची विधवा आई होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “जो माणूस आपलीच चूक दारोदार सांगत हिंडतो, तो आता खोटं कशाला बोलेल?” मार्गशीर्षात कमळीचे लग्न झाले. सासू एकच मिळाली, पण होती दोघींना पुरेल एवढी. पहिल्या माहेरपणाला येऊन कमळीने गाऱ्हाणे केले, तेव्हा नाना कसनुसे हसले. “ती पत्रिकेत नव्हती ग, पोरी.”

नानांचे मात्र दार ओस पडले. चुकणारे जोशी लोकांना चालतात, चुकलो म्हणणारे चालत नाहीत. ते राजा घाटावर सकाळी पंचांग वाचू लागले, दुपारी पोथ्या उतरून देऊ लागले. आणि जे मिळेल त्यातून तात्यांना शांतीचा खर्च आणून देऊ लागले, कधी रुपया, कधी नुसत्या चवल्या-पावल्या. तात्या म्हणत, “तुमच्या हाती दक्षिणा तेवढी आली. बाकीचं बाकीच्यांनी नेलं.” नाना म्हणत, “नेलं त्यांनी, सांगितलं मी.” ह्या वादाचा दोघांनाही शीण यायचा, तरी दर वेळी व्हायचा. तो पैसा तसाच महाजनाकडे जाई. तात्या गेले, तेव्हा उरलेले कर्ज आईने बांगड्या मोडून भागवले. नाना त्यानंतर आईकडे देऊ लागले.

शेवटी आले तेव्हा काठी टेकत आले. धाप लागली होती. धोतराच्या सोग्यातून रुपये काढून त्यांनी आईपुढे ठेवले. “वहिनी, मोजून घ्या. हे शेवटचे.”

आईला कितीदा वाटले असेल की नको म्हणावे. पण तिने म्हटले नाही. त्यांच्यासमोर मोजले, पदराला गाठ मारली आणि म्हणाली, “पोचले, नाना. सगळे पोचले.”

नाना भिंतीला टेकून बसले. “हलकं वाटेल असं वाटलं होतं,” म्हणाले. “नुसती झोप येतेय.”

आईने मला खूण केली. मी उशी आणून दिली. नाना तिथेच ओसरीवर आडवे झाले, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही कुणी त्यांना उठवले नाही.