भरलेले रकाने

माझ्या एम.ई.च्या प्रबंधाची एक प्रत अजून कॉलेजच्या लायब्ररीत आहे. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. त्या कपाटापुढून जायचं मी टाळते. तिथलं एखादं पुस्तक हवं असलं तर शिपायाला पाठवते. तो मनात म्हणत असेल, बाईंचे गुडघे गेले वाटतं. गुडघे धड आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नाशिकच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवत होते. नुसती बी.ई. सहा वर्षं झाली तरी दर जूनला हातात नवी ऑर्डर पडायची, तीही तात्पुरती. मग मॅनेजमेंटनं एकदाचं सांगून टाकलं, पुढच्या जूनपासून मास्टर्स नसलेल्यांना ऑर्डर मिळणार नाही. नोकरी सांभाळून मी एम.ई.ला नाव घातलेलं होतंच. पेपर सुटले होते, प्रबंध तेवढा राहिला होता, आणि रजिस्ट्रेशनची मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती. नवरा ओझरच्या कारखान्यात, त्याची बस पहाटे. त्याचा डबा भरायचा, स्वतःचा भरायचा, चार लेक्चरं घ्यायची आणि उरलेल्या जिवावर संशोधन करायचं, असा सगळा थाट होता.

त्या वेळी आमच्या क्षेत्रात न्यूरल नेटवर्कला नव्या नवरीचा मान होता. विजेच्या वापराचे जुने आकडे प्रोग्रामला दाखवत राहायचे. दाखवता दाखवता तो शिकतो आणि पुढच्या तासाला लोड किती येईल ते सांगू लागतो. मी विषय घेतला कांद्याच्या पट्ट्यातल्या शेतीपंपांच्या लाइनचा. आकडे मिळणार होते देवळ्याकडच्या एका गावाच्या सबस्टेशनवर. तिथला ऑपरेटर दर तासाला मीटर बघायचा आणि किती अँपिअर ते रजिस्टरमध्ये लिहायचा. निदान माझी तशी समजूत होती.

दर शनिवारी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सटाण्याची एसटी पकडायची, वाटेत उतरायचं, आणि दिवसभर ती रजिस्टरं उतरवून घ्यायची. ऑपरेटर पन्नाशीचा होता. खाकी कपड्यांना कडक इस्त्री, कपाळाला गंध. पंख्याखालची खुर्ची मला द्यायचा आणि स्वतः स्टुलावर बसायचा. त्याच्या घरून माझ्यासाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा यायचा. ‘ताई, तुमच्या पुस्तकाला काय लागंल ते सांगा. वह्या तुमच्याच हायेत,’ म्हणायचा. रजिस्टर बघून तर माझे डोळे निवले होते. तीन वर्षांत एक रकाना मोकळा नाही, कुठे खाडाखोड नाही. मी वर्गात पोरांना ऐकवलं, ‘तुमची जर्नलं बघा आणि त्या माणसाची वही बघा. याला म्हणतात निष्ठा.’

निकाल आले तेव्हा माझ्या गाइडांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नेटवर्कचं उत्तर आणि रजिस्टरचा आकडा यात फरक असा उरलाच नव्हता. ‘मॅडम, हे रिसर्च पेपर म्हणून छापण्यासारखं आहे,’ ते म्हणाले. त्या संध्याकाळी नवऱ्यानं पेढे आणले आणि मी सहा वर्षांत पहिल्यांदा जूनला घाबरले नाही.

शेवटच्या चाचणीसाठी आठ-दहा दिवसांचे आकडे तेवढे हवे होते. त्या पेढ्यांतलाच एक डबा घेऊन मी शनिवारी गेले. अकरा वाजले असतील. ऑपरेटर बाहेर नळावर होता. आत पंखा बंद, पॅनेलवरचे सगळे काटे शून्यावर. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, आजचंच पान. अकराच्या रकान्यात चौसष्ट लिहिलेलं. बाराच्या रकान्यात एकसष्ट. दुपारी चारपर्यंतचं पान भरलेलं होतं.

तो हात पुसत आत आला. ‘बसा ताई. लाइट सकाळपासून नाय. मागच्या मोठ्या स्टेशनातूनच गेली.’

‘आणि हे?’ मी चौसष्टवर बोट ठेवलं.

त्याला लाज वाटावी असं काही त्यात त्याला दिसलंच नाही. ‘मंग! दुपारी जेवायला घरी जावं लागतं. तेवढ्यात साहेब आले आन् रकाना मोकळा दिसला तर मेमो हातात. म्हणून सकाळीच भरून घेतो. लोड काय, रोजचाच ऱ्हातो. आता इतकी सवय झाली, काट्याकडं बघावं बी लागत नाय.’ मग जरा लाजून म्हणाला, ‘मागच्या दोन सालचे लय रकाने राह्यले होते. तुम्ही येणार म्हणल्यावर तेबी भरून टाकले. एवढ्या लांबून येणारं माणूस, पाहुण्यापुढं रिकामं ताट ठेवतं का कोणी?’

माझ्या नेटवर्कला विजेतलं काही कळलं नव्हतं. त्यानं एका माणसाची सवय पाठ केली होती, आणि ती त्याला इतकी छान पाठ झाली होती की आम्ही पेढे वाटले. ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार? मी डबा पुढे केला. त्यानं पहिला पेढा पॅनेलवरच्या गणपतीच्या फोटोपुढे ठेवला आणि हात जोडले. परतीच्या एसटीत मी रडले. खरं सांगायचं तर विज्ञानासाठी नाही रडले, नोकरीसाठी रडले.

गाइडांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लोटलं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. परीक्षक एरर किती ते विचारतो. ऑपरेटर जेवायला कधी जातो ते विचारत नाही.’

पण परीक्षकानं विचारलं. तोंडी परीक्षेत चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, ‘रीडिंग्ज विश्वासार्ह आहेत ना?’ मी म्हणाले, ‘हो सर. मी स्वतः सबस्टेशनवर जाऊन उतरवून आणलीत.’ त्यातला दुसरा भाग अक्षर न् अक्षर खरा होता. जूनमध्ये मला कायमची ऑर्डर मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तिला बापडीला केव्हाच विसरून गेले असते. माणूस स्वतःला माफ करण्यात फार हुशार असतो.

पाच-सहा वर्षांनी, भारनियमनाच्या दिवसांत, आमच्याच कॉलेजात एम.ई. सुरू झालं आणि मी गाइड झाले. माझ्याकडे आमच्याच विभागातली एक तरुण लेक्चरर आली. सुरगाण्याकडची, तिच्या पाड्यावरची पहिली इंजिनिअर. ऑर्डर तात्पुरती, अट तीच, जून तोच. मी तिला दुसरे तीन विषय सुचवले. ती हसून म्हणाली, ‘मॅडम, मी तुमचा प्रबंध वाचलाय. मला तुमचंच काम पुढे न्यायचंय.’

आता सबस्टेशनवर आपोआप नोंद ठेवणारे मीटर आले होते. तिनं त्यांतले आकडे आणले. खरे आकडे. त्यांत मोटारी जळत होत्या, तारा तुटत होत्या, लाइट वाटेल तेव्हा जात होती. त्यामुळे तिची एरर काही केल्या खाली येईना. दीड वर्ष ती कागदांची चळत घेऊन माझ्यापुढे उभी राहायची. ‘मॅडम, तुमचं इतकं जुळलं. प्रोग्राम तुमचाच, पद्धत तुमचीच. मग माझ्यातच काहीतरी कमी असणार ना?’

तुझं बरोबर आहे, माझं खोटं आहे. एवढं एक वाक्य पुरलं असतं. दर वेळी मी तोंड उघडायचे आणि म्हणायचे, ‘पुन्हा एकदा करून बघ.’ प्रबंधाची प्रगती तपासणाऱ्या कमिटीनं तिला दोनदा परत पाठवलं. मूळ कामापेक्षा निकाल वाईट, मग नवीन काय केलंस, असं तिला विचारलं गेलं. त्या कमिटीत मी बसले होते, समोरच्या कागदाला टाचणी लावत. भित्री मी आधीही होते. नीच आहे हे त्या दिवशी कळलं.

मे महिन्यात तिची मुदत संपली. लायब्ररीतून नेलेली माझ्या प्रबंधाची प्रत परत द्यायला ती केबिनमध्ये आली. त्या काळ्या पुस्तकाला तिनं खाकी कव्हर घातलं होतं. ‘माझ्या आवाक्यातलं नव्हतं हे, मॅडम. पण तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं,’ असं म्हणून ती वाकून पाया पडली. मी ‘सुखी राहा’ म्हणाले. जूनमध्ये तिला ऑर्डर मिळाली नाही. पुढे ती कुठे गेली मी विचारलं नाही.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. निकालाच्या तक्त्यात, माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात आपला आकडा लिहिला होता. पानाच्या तळाशी होतं, ‘माझं कुठे चुकतंय?’

मी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि तिचे सगळे आकडे पुसून टाकले. मग कव्हर काढलं आणि पुस्तक शिपायाबरोबर लायब्ररीत पाठवून दिलं.