पांढऱ्या टबातला कॉड

माझा दीर लेस्टर हॅनिगन अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि गेली अकरा वर्षं आमच्या परसातल्या कॅरॅव्हॅनमध्ये राहतो. जेवायला आमच्याकडे, अंघोळीला आमच्याकडे, कपडेही आमच्याच मशीनमध्ये. पूर्वी नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवायचा, पाठ धरली आणि ते काम सुटलं. बायको त्याच्या आधीच सुटली होती. जाताना ती मला एवढंच म्हणाली की उशीखाली तिसऱ्यांदा गळ सापडला तेव्हा तिनं बॅग भरली. तेव्हा ती मला उतावळी वाटली होती. आता वाटत नाही.

धरणातला कॉड मासा हे लेस्टरचं एकच वेड. मासा धरायला तो चपलेएवढे लाकडी मासे कोरतो, जुन्या खुर्च्यांच्या पायांतून. त्यांना डोळे रंगवतो, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे गळ अडकवतो आणि रंग वाळायला माझ्या न्हाणीघराच्या पडद्याच्या दांडीवर टांगतो. एकदा चर्चच्या वेदीवरच्या कापडाला इस्त्री करताना घडीतून असा गळ निघाला. मी तो खिशात टाकला आणि फादरांना काही बोलले नाही. पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खोडाजवळ हा लाकडी मासा फेकायचा, गुंडाळत आणायचा, पुन्हा फेकायचा. दिवसभर हेच. खरा कॉड त्याला झडप घालून धरतो तो महिन्यातून एखाद्या वेळी. आणि मोठा कॉड तर कुणाला जन्मात एकदाच.

मोठा म्हणजे मीटरभर लांब. गावातल्या मासेमारी क्लबच्या हॉलमध्ये एक फळा आहे. मोसम उघडतो त्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेत ज्यानं मीटरचा कॉड काढला त्याचं नाव त्यावर सोनेरी अक्षरांत लिहितात. माझ्या सासऱ्यांचं नाव त्यावर आहे. माझ्या नवऱ्याचं, डेसचंही आहे. त्यानं तर उसनी काठी घेऊन, एका हातात सँडविच धरून तो मासा काढला आणि त्यानंतर कधी गळाला हात लावला नाही. लेस्टरचं नाव नाही. एकतीस वर्षं स्पर्धेत उतरतोय. दोनदा अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरवर अडकला. क्लबातली माणसं त्याला मुद्दाम त्या फळ्याखालच्या खुर्चीवर बसवतात. कुणी तरी म्हणतं, "लेस्टर, मान वर करू नकोस, उगाच दुखेल." सासरे शेवटचे दोन महिने इस्पितळात होते. लेस्टर रोज जायचा, आणि म्हातारा डोळे न उघडता रोज विचारायचा, "झाला का मीटर?"

सप्टेंबर ते नोव्हेंबर मासे अंडी घालतात, म्हणून कॉड धरायला बंदी असते. ती उठते एक डिसेंबरला. गेल्या साली तो शनिवार होता. शुक्रवारी दुपारभर मी चर्चमध्ये होते. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होणार म्हणून जांभळी कापडं चढवायची होती. चारला घरी आले तर अंग नुसतं चिकट झालं होतं. म्हटलं, निदान पाय तरी धुवावेत.

न्हाणीघराच्या दाराला आतून खुर्ची लावलेली होती. दाराबाहेरच वास आला. तळ्याच्या तळाचा गाळ, त्यात काही तरी कुजलेलं आणि वरून माझ्या साबणाचा लव्हेंडर, असा सगळा मिळून. मी दार ढकललं. लेस्टर संडासाच्या झाकणावर बसला होता. शेजारच्या मुलांच्या मासोळ्यांच्या टाकीचा पंप त्याच्या हातात गुरगुरत होता. टबमध्ये कॉड होता.

मी मासे पाहिलेले आहेत. या गावात जन्मले, मासे साफ करतच वाढले. पण पाण्याबाहेर काढलेला मासा वेगळा, आणि आपण जिथं अंग धुतो तिथं पसरलेलं हे धूड वेगळं. टबच्या एका टोकाला त्याचं डोकं, दुसऱ्या टोकाला शेपूट मुडपलेलं. तोंड एवढं की माझा हात कोपरापर्यंत आत जावा. बुळबुळीत चिकटा टबच्या काठावरून खाली ओघळत होता. आणि त्यानं ओकलेलं होतं. खेकड्यासारख्या नांग्या, काळपट चोथा, आणि बदकाचं एक पिल्लू, अर्धं विरघळलेलं. त्याचे पाय मात्र शाबूत होते. ते पाण्यात गोल गोल फिरत होते.

"मॉयरा, ओरडू नकोस," लेस्टर म्हणाला, "तो घाबरतो."

मी ओरडणार नव्हतेच, मला ओकारी येत होती. परसात जाऊन आले आणि मग विचारलं की बंदी उठली का. तो म्हणाला, आठ तासांनी उठेल. मासा तोच, धरण तेच, आठ तासांनी काय मोठं बिघडतं. मी म्हटलं, आणि पाणी? सप्टेंबरपासून पाऊस नव्हता. पावसाच्या पाण्याची टाकी खालच्या कड्यापर्यंत आलेली. आम्ही तीन मिनिटांत अंघोळ उरकत होतो. ती टाकी त्यानं या धुडासाठी उपसली होती. त्यावर तो म्हणाला की उद्या तो बादलीनं धरणाचं पाणी आणून देईल.

डेस कामावरून आला. त्यानं टबात डोकावलं, हसला, आणि माझा चेहरा बघून हसू आवरलं. मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, "एक रात्र जाऊ दे ना. म्हातारा त्याला काय विचारायचा, तू ऐकलंयस."

मी ऐकलं होतं, म्हणून गप्प बसले. संध्याकाळी जपमाळ घेऊन बसले तेव्हा भिंतीपलीकडून शेपटीचे फटके ऐकू येत होते. कितवा मणी ते दोनदा विसरले.

शनिवारी पहाटे दोघा भावांनी तो मासा माझ्या ओल्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून होडीच्या टाकीत नेला. स्पर्धेचा नियम असा की मासा धरला की होडीच्या कडेला जाळीत, पाण्यातच ठेवायचा आणि रेडिओवरून पंचांना बोलवायचं. ते येतात, ओल्या पट्ट्यावर माप घेतात, मासा सोडून देतात. पंच म्हणजे ऑस्कर पेंगली, वय एकोणऐंशी. त्यांनी मापलं, एकशे चार. डेस सांगत होता की लेस्टर होडीत बसून रडला. मासा सोडला, तो खाली गेला, झालं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही धरणाच्या धक्क्यावरून येत होतो. तिथं गर्दी. तोच कॉड पोट वर करून काठाला लागला होता. एका पेलिकन पक्ष्यानं त्याचा डोळा काढला होता. जाळीत घासून अंगावरचा चिकटा गेला होता आणि खाली कच्चं मांस दिसत होतं, पावाच्या मळलेल्या पिठासारखं फिकट. बायका नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या आणि पुरुष त्याच्याशेजारी उकिडवे बसून फोटो काढून घेत होते. मेलेल्याशी. पेंगली एकटेच काठीनं मासा उलटून बघत होते, खूप वेळ. मग त्यांनी वर पाहिलं. आमच्याकडेच पाहिलं असं मला वाटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये भाजलेलं मटण, बीटची कोशिंबीर, गोडाला मी केलेलं ट्रायफल. फळ्यावर लेस्टरचं नाव पेन्सिलीनं आखून तयार होतं, फक्त सोनेरी रंग भरायचा बाकी. लेस्टरनं डेसचा टाय लावला होता. तो फळ्याखालच्या खुर्चीवर बसला होता आणि या खेपेला मान वर करून बसला होता.

पेंगली उठले. आवाज न चढवता बोलले. त्यांनी तीस वर्षं कॉडची पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात काम केलं होतं. कॉड जिथं राहील तिथला रंग घेतो, म्हणाले. आपलं पाणी चहासारखं, म्हणून आपला कॉड हिरवा, त्यावर काळी नक्षी. पांढऱ्या हौदात रात्रभर ठेवला तर सकाळी पिठाचा गोळा होऊन निघतो. काल त्यांनी मापला तो तसा होता. लेस्टर म्हणाला की ओढ्याच्या तोंडाशी पांढरी चिकणमाती आहे, तिथं फिकट मासे असतात.

"तिथली माती तांबडी आहे, लेस्टर," पेंगली म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. माझ्या हातात ट्रायफल वाढायचा डाव होता.

"मॉयरा, तुमच्या घरचा टब कुठल्या रंगाचा आहे?"

टेबलाखाली डेसनं माझ्या पायावर पाय ठेवला. लेस्टर माझ्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं, अगदी त्या माशासारखं. मला त्याची दया यायला हवी होती. मला दिसले ते टबात फिरणारे पिल्लाचे पाय.

"पांढरा," मी म्हटलं.

मागून एकजण खिदळला आणि सगळा हॉल हसायला लागला. त्या हसण्याची मला त्या वासापेक्षा जास्त शिसारी आली. सकाळी ज्यांनी मेलेल्या माशाशेजारी बसून फोटो काढले तेच पोट धरून हसत होते. मासा मेला याचं कुणाला काही नव्हतं, मजा वाटली ती लेस्टर सापडल्याची. नाव रंगवायला आलेल्या रंगाऱ्यानं अंगठा जिभेला लावला आणि पेन्सिलीचं नाव पुसून टाकलं. पेंगली म्हणाले की मत्स्य खात्याला कळवणं त्यांना भाग आहे. पुढे तिकडून पत्र आलं, लेस्टरला वर्षभर गळ टाकायला बंदी.

डेस तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. लेस्टर आठवडाभर घरात आला नाही. मी ताट कॅरॅव्हॅनच्या पायरीवर ठेवायचे, तासाभरानं रिकामं उचलून आणायचे. मासा टबात असताना मी गप्प बसले, ते पापनिवेदनात फादरांना सांगितलं, त्यांनी प्रार्थना सांगितल्या, मी त्या म्हटल्या. टब चार वेळा सोड्यानं घासला. तरी पाणी सोडलं की भोकातून अधूनमधून त्या पिल्लाचं एखादं पीस वर येतं. त्या दिवसांत मला लेस्टरचं खरोखर वाईट वाटायला लागलं होतं. रोज डोळे मिटून विचारणारा बाप, एकतीस वर्षं, पुसलेलं नाव. ज्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते त्यांच्या वहीत मी त्याचं नाव लिहिलंही.

आठव्या दिवशी तो जेवायला आला. हात धुतले, आमच्याबरोबर डोकं खाली घालून प्रार्थना म्हटली, मटण दोनदा वाढून घेतलं. मग काटा खाली ठेवला.

"मॉयरा, मी विचार करत होतो," तो म्हणाला. "टबला आतून तपकिरी रंग दिला तर?"

डेस चावायचा थांबला. मी लेस्टरच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्यानं शर्टाच्या खिशातून दुकानातलं रंगांच्या नमुन्यांचं कार्ड काढलं, ताटाशेजारी उलगडलं, आणि रश्शानं माखलेलं बोट तिसऱ्या पट्टीवर ठेवून मला विचारलं, की आपल्या धरणाच्या पाण्याच्या जवळ हाच जातो ना.