पुसलेला चष्मा

गुलाबकाका समोरच्या माणसाकडे एक डोळा मिटून पाहायचे. मग अंगठा पुढे धरून त्याच्या मिशा झाकायचे, टोपी झाकायचे आणि स्वतःशीच हसायचे. "हे काढलं त कसा दिसशीन रे तू?" असं ते भर बाजारात कुणालाही विचारत. चिखलीत त्यांना अर्धवट म्हणणारे लोकही होतेच.

दिवसभर ते जिनिंग फॅक्टरीत कारकुनी करत आणि उरलेला सगळा जीव फोटोत घालत. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि आमच्या गल्लीत वीज नुकतीच आली होती. शेजारच्याच घरात काकांनी स्वयंपाकघराचा कोपरा गोधडीनं झाकला होता आणि दिव्याला लाल कागद लावला होता. परातीत पीठ मळायचं की फोटो बुडवायचे, या भांडणात काकू कायम हरायच्या. ब्लेडनं फोटोतला माणूस कापायचा, दुसऱ्या फोटोवर चिकटवायचा, कडा बारीक ब्रशनं मिटवायच्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा, अशी त्यांची करामत. जानेफळच्या आपल्या मेहुण्याला त्यांनी धोतरासकट विमानाच्या पंखावर बसवलं होतं. मेहुणा तो फोटो आल्यागेल्याला दाखवायचा आणि वर सांगायचा, "तिथं हवा लय लागते."

"माह्या हौसेनं कोणाचं वाईट होत नाही," काका म्हणायचे. "दुनिया जशी आहे तशी त रोजच पाहतो आपण."

माझ्या लग्नाचं निघेपर्यंत ते खरंही होतं. मला लहानपणापासून चष्मा, तोही जाड भिंगांचा. त्या काळात चष्मेवाली मुलगी म्हटलं की स्थळं दारातूनच परत फिरायची. एक दिवस आई काकांना म्हणाली, "भाऊजी, विमलचा चांगला फोटो काढून द्या. पण चष्मा नको." चष्मा काढून उन्हात बसले की माझे डोळे असे बारीक व्हायचे, जशी काही चिंच चावली आहे. शेवटी काकांनी चष्म्यासकटच फोटो काढला. म्हणाले, "राहू द्या वहिनी, घरी पुसतो."

आणि खरंच पुसला! भिंगांमागचे डोळे नीट आले नव्हते, तेही त्यांनी ब्रशनं नव्यानं काढले. चांगले मोठे, टपोरे. मी तो फोटो पाहिला आणि मला त्या मुलीचा हेवा वाटला. काका मात्र खूश होते. "पाह्य, कुठं जोड दिसते का?"

त्या फोटोवर मेहकरचे पाहुणे मला पाहायला आले. आईनं चष्मा डब्यात घालून फडताळात ठेवला. शेजारी म्हणून काकाही बैठकीत बसले होते. मी पोह्यांचा ट्रे कसाबसा ठेवला. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, मुलाच्या वडिलांच्या पाया पड." समोर पांढरी धोतरं आणि पांढऱ्या टोप्या, एवढंच मला दिसत होतं. मी अंदाजानं वाकले.

मी गुलाबकाकांच्या पाया पडले होते.

काकांनी पाय मागे घेतले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पाहुण्यांना म्हणाले, "पोरीले चष्मा आहे. फोटोतला म्या पुसला. शिव्या मले द्या, तिले काही बोलू नका."

पाहुणे उठले. पोहे तसेच राहिले. ते गेल्यावर आई रडतच काकांवर तुटून पडली, "भाऊजी, भर बैठकीत पोरीचं वाटोळं केलं तुम्ही!"

"वाटोळं मीच केलं वहिनी," काका म्हणाले. "पण आज नाही. पुसला त्या दिवशी केलं."

आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. काकांच्या घरातला लाल दिवाही बरेच दिवस लागला नाही. मग एका सकाळी ते कॅमेरा घेऊन अंगणात उभे राहिले. "विमल, बस बाहेर. चष्मा लावून बस." मी आत आईकडे पाहिलं. ती बाहेर आली. काकांकडे न पाहता तिनं माझा चष्मा उतरवला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि परत माझ्या नाकावर ठेवला. मला तेव्हा रडूच आलं. काका म्हणाले, "आता रडू नको पोरी, काचा ओल्या होतीन."

भिंगावरची चमक जाईपर्यंत त्यांनी माझी खुर्ची इकडून तिकडे फिरवली. फोटो आणून दिला तेव्हा म्हणाले, "याच्यात म्या काहीच केलं नाही पोरी. हात लय शिवशिवत होते." काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे कितीतरी गमतीचे फोटो मी पाहिले, पण हात आवरून काढलेला तो एकच.

मामा तो फोटो घेऊन बीबी गावी एका स्थळाकडे गेला. मुलगा शाळेत मास्तर होता. परत आल्यावर मामानं चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, "येऊन राह्यले लोक. अन् पोराचा एकच निरोप आहे. पोरगी चष्मा लावूनच बसवा म्हणे, तिनंही मले नीट पाहून घ्यावं."

आईनं कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "भाऊजी, चहा टाकते. या."