धाकू सारंगाची कढई

आप्पा गुरव आणि धाकू सारंग यांची पहिली भेट झाली तेव्हा आप्पा हवेत होता.

चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली सकाळ. पूजेचं तबक घेऊन आप्पा कातळवाडीचा डांबरी उतार चढत होता आणि वरून एक माणूस उभ्याउभ्या खाली आला. चालत नव्हता, पळत नव्हता, सायकलवर नव्हता. पाय जागच्या जागी, हात कमरेवर, तोंडात विडी आणि लुंगीचं शीड झालेलं. जाता जाता तो ‘राम राम’ म्हणाला. त्यातला पहिला राम आप्पाच्या कानाशी आला आणि दुसरा मांडवीच्या जेटीवरून ऐकू आला. आप्पा भानावर आला तेव्हा तो स्वतः रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर होता, तबक काजूच्या फांदीवर होतं आणि तबकातला नारळ त्या माणसाच्या पाठोपाठ निघून गेला होता. कोंबड्यांनी आठ दिवस अंडी दिली नाहीत. सोनूबाई तर शपथेवर सांगायची की त्या वाऱ्याने तिचे वाळत घातलेले बोंबील परत समुद्रात गेले.

आप्पाने आयुष्यभर वाडीची भुतंखेतं सांभाळली होती. त्यातल्या एकालाही चाकं नव्हती.

संध्याकाळी तोच माणूस चार चाकांची फळी काखेत मारून, नवा नारळ घेऊन देवळात आला. बावन्न वर्षांचा, सुरमईसारखा चपळ, मिशा मात्र खवल्यांसारख्या पांढऱ्या. हा गोदूबाईचा नवरा, अठ्ठावीस वर्षं जहाजावर असलेला. आतापर्यंत वाडीला तो फक्त पत्राच्या पाकिटावरच्या तिकिटांमुळे ठाऊक होता.

“आप्पा, देवीशी बोलायचं हाय,” धाकू म्हणाला.

“बोला की. ती काय तुमच्यासारखी परदेशात नाय जात.”

धाकूने सगळं सांगितलं. अमेरिकेतल्या एका बंदरात गोदी कामगारांचा संप झाला आणि जहाज एकोणीस दिवस अडकलं. तिथे गावाने सगळ्यांसाठी सिमेंटची एक भलीमोठी कढई बांधली होती. पोरं, पोरी, बाप्ये या चाकांच्या फळीवर उभं राहून एका काठावरून सुटायचे ते दुसऱ्या काठावर चढायचे, पुन्हा परत. भोवऱ्यासारखे. तिकीट नाही, कुणाचा कोण अशी चौकशी नाही. एकोणीस दिवसांत धाकू शिकला.

“जहाज सोडलं, आणि आता जमीन हलत नाय म्हणून झोप लागत नाय,” तो म्हणाला. “डागदर म्हणतो, गुडघे दोन वर्षं चालतील. त्याच्या आत तशा कढईत एकदा तरी फिरायचं हाय. आणि आपली पोरं पोफळीच्या गळलेल्या पानाच्या विरीवर बसून त्याच उतारावर घसरतात, समोरून एसटी येते. त्यांनाही जागा होईल.”

जागाही त्याने हेरून ठेवली होती. सड्यावरची, वरच्या उघड्या कातळावरची जुनी चिरेखाण. चिरे संपल्यावर ओसाड पडलेली, मालकी देवस्थानची. देवस्थानची म्हणजे देवीची. तेव्हा देवीला कौल लावल्याशिवाय तिथला दगडही हलवता येत नव्हता.

बैठक बसली आणि वाडीचे मानकरी रावजी मिशीला पीळ देऊन उठले. रावजींनी आजवर रस्ता, वीज आणि टेलिफोन या तिन्ही गोष्टींना विरोध केला होता आणि तिन्ही वापरत होते.

“धाकू, अरे मेल्या, नातवंडं खेळवायच्या वयात चाकं लावून फिरतोस? उद्या गोदूबाईलाही लावशील.”

“मला कशाला?” मागच्या खांबाआडून गोदूबाई म्हणाली. “माझी अठ्ठावीस वर्षं भिंगरीच चाललीय.”

सगळे हसले. रावजी बसले, पण शेवटचा खिळा ठोकूनच. “आप्पा, गाऱ्हाणं तुम्ही घालणार. देवीला काय सांगणार? ही वस्तू काय, तिचं काय करतात, सांगा बघू.”

आप्पाला ते पटलं. खरंच की. पाऊस मागायचा तर गुरवाला पाऊस ठाऊक असतो, लग्न मागायचं तर लग्न. न बघितलेल्या गोष्टीचं गाऱ्हाणं घालणं म्हणजे देवीला फसवणं. गडग्यावरून त्याने जे पाहिलं होतं, ते उलटं आणि डोळे मिटून पाहिलं होतं.

“धाकू,” तो म्हणाला, “इथेच दाखवा. तिच्यासमोर.”

सभामंडपाचा कोबा गेल्याच वर्षी घातलेला, आरशासारखा घोटलेला. धाकूने फळी आधी देवीच्या पायाशी लावली, मग जमिनीवर ठेवली. अनवाणी उभा राहिला. एका पायाने एकदा रेटलं, बस्स.

आणि मग तो माणूस राहिला नाही. खांबाखांबांतून वळत, गुडघ्यात किंचित वाकत, हात पसरून तो फिरत होता. समुद्रावर पंख न हलवता घार फिरते तसा. फळीचा आवाज तेवढा, लांबून गाज यावी तसा. घंटेखालून जाताना त्याने हात वर करून ती वाजवली आणि तो सूर घुमत असतानाच आणखी एक फेरी पुरी केली. शंभर माना त्याच्याबरोबर वळत होत्या. रावजींच्या हातातला तंबाखू तसाच मळलेला राहिला. आप्पाने चाळीस वर्षं अंगात येणारे लोक पाहिले होते, कंप, घुमणं, किंचाळणं, सगळं. पण देव अंगात आला तर इतका शांत असू शकतो, हे त्याने तोवर पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते उपरण्याने सरळ पुसले.

मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

“आई गे वाघजाई! तुझ्या ह्या लेकराने सात समुद्र बघितले...”

“व्हय म्हाराजा!” वाडी गरजली.

“...त्याला तुझ्या खाणीत एक कढई बांधायची हाय. तळायची नव्हे, फिरायची! लहानथोर, बाया-बाप्ये, कुणालाही मनाई नाय...”

“व्हय म्हाराजा!” या खेपेला रावजींचाही आवाज होता, आणि सगळ्यांत मोठा.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तासभर कुणी जागचं हललं नाही. धाकू कठड्याला असा धरून उभा होता, जसं काही वादळ सुरू आहे. आणि उजवी पाकळी पडली.

त्यानंतर वाडीने जे काम केलं त्याला तोड नाही. माणशी एक दिवस श्रमदान. मुंबईकर सुट्टीला आले तेही फावडं मारूनच परत गेले. खाणीचे काटकोन फोडून गोलावा केला, वर सिमेंट घोटलं. घोटाईवर धाकू स्वतः बसला. अठ्ठावीस वर्षं ज्याने जहाजात पाणी शिरू दिलं नव्हतं, तो कढईत भेग कशी राहू देईल? प्रत्येक सांधा त्याने डांबर-काथ्याने चोंदला, नखाने तपासला. केसाएवढीही फट ठेवली नाही. मे महिन्याच्या शेवटी ती काठोकाठ गुळगुळीत कढई पाहून आप्पाने नकळत चपला काढल्या.

“पंधरा दिवस सिमेंट मुरू दे,” धाकू म्हणाला. “मग पहिली फेरी तुमच्यासमोर.”

पंधरा दिवसांत जूनचा पाऊस आला आणि कढई भरली. ऑक्टोबरात ती भरलेली होती. जानेवारीतही. वाडीतल्या ज्या बायका दर उन्हाळ्यात दीड मैलांवर थांबणाऱ्या टँकरवरून पाणी आणत, त्या आता हंडे घेऊन कढईच्या काठावर उभ्या होत्या. तळाला एक भोक पाडलं की झालं, असं धाकूने एकदा आप्पाला सांगितलं. मग त्याने काठावर वाकलेल्या गोदूबाईकडे बघितलं, आणि त्या भोकासाठी कौल लावायला तो पुन्हा देवळात गेला नाही.

शहाऐंशी साली डॉक्टरचं म्हणणं खरं झालं आणि धाकूचे गुडघे गेले. त्या कढईत फळी एकदाही चालली नाही. त्या वर्षीच्या मेमध्ये वाडीला टँकर लागला नाही.